दिवा लागतो, पण कोड येत नाही

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांचा घड उजेडासमोर धरून उभी होते. सीझन ऐन भरात होता, दाराशी कंटेनर लागलेला, आणि माझी सही झाल्याशिवाय एक खोकं आत जाणार नव्हतं. "दादांच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात नेतोय. तू निघ… पण घाई करू नकोस," एवढंच तो म्हणाला. घाई करू नकोस असं नवरा म्हणाला की बाई घाई करतेच. घड टेबलावर ठेवला, हातमोजे काढायचंही सुचलं नाही, तशीच जाऊन गाडीत बसले. आणि कोकणगाव मागे पडतंय न पडतंय तोच समोर मीटरमध्ये तो मेला पिवळा दिवा लागला.

दादा म्हणजे माझे सासरे. आणि हा दिवा म्हणजे इंजिनात काहीतरी बिनसलंय हे सांगणारा, बाकी काही न सांगणारा दिवा. पावसाळा सरला तेव्हापासून त्यानं माझ्या जिवाला घोर लावला होता. लागायचा, पण का लागतो ते कुणाला सापडायचं नाही. त्या दुपारी ओझरच्या पुलावर गाडीनं आचके दिले. मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. मी स्टिअरिंग घट्ट धरून गाडीलाच म्हणत होते, "आज नको गं बाई. उद्या बंद पड, परवा पड, आज तेवढं पोचव." गाडीनं पोचवलं. पण मी दवाखान्याच्या आवारात शिरले तर प्रशांत खालीच उभा होता, आणि त्याच्या हातात दादांची टोपी होती… मला काही विचारावं लागलं नाही. नंतर त्यानं सांगितलं, आत नेताना दादा त्याला म्हणाले होते, "तिला म्हनावं सावकाश ये. मोटर लागली आसंल."

मोटर हा त्यांचा शब्द. त्या दिव्यावर इंजिनाचं जे चित्र असतं, ते त्यांना विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरसारखं दिसायचं. दिसणारच. माणसाचं सगळं आयुष्य मखमलाबादच्या मळ्यात गेलेलं. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर. पहाटे फुलबाजार, दुपारी पाणी, संध्याकाळी तोडणी. शहर सरकत सरकत बांधापर्यंत आलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, आमच्या वाट्याचा तुकडा गेला आणि आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो. दादा आले, पण फ्लॅट त्यांना कधी मानवला नाही. "हितं पाय कुठं ठिवायचा तेच कळत नाय," म्हणायचे. बिल्डिंगच्या मागच्या पट्टीत त्यांनी शेवंती लावली, त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडले, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच सेक्रेटरीच्या घरी आपल्या हातानं फुलं नेऊन दिली. दिवेलागणीला मात्र रोज खाली एक फेरी असायचीच. मळ्यात असताना फेरी मारायचे, इथेही मारायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी तोंडानं फटकळ आणि मनानं घाबरट. हे मी सांगायची गरज नाही, आमच्या अख्ख्या भावकीला माहीत आहे. दादांचं उलटं, तोंडानं गरीब, पण मनात एकदा घेतलं की देवाच्या बापाचंही ऐकायचे नाहीत. आमचं जमलं ते बहुतेक त्यामुळेच. मी पॅकहाउसला लागले तेव्हा मालाची तपासणी करणारी मी तिथली पहिली बाई. जाऊ म्हणाली, बाईमाणसानं रोज एवढं हायवेनं जायचं म्हणजे… आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजी निवडत राहिल्या. दादा म्हणाले, "माल पारखायला डोळा लागतो. बाईचा का बाप्याचा, द्राक्षाला काय करायचंय?" त्यावर विषय मिटला. पुढे माझ्या पगारातून मी ही जुनी गाडी घेतली, तेव्हा नारळ त्यांनीच फोडला, आणि पहिल्यांदा गाडी मागे घेताना मी कुंडी फोडली तेव्हा, "राहू दे, मोगरा तसाबी वाळलाच व्हता," हेही तेच म्हणाले. मोगरा चांगला टवटवीत होता.

तर हा दिवा. पहिल्यांदा लागला तो कामावरून परत येताना, आडगावच्या अलीकडे. मी घाबरून गाडी कडेला घेतली, बंद केली, पुन्हा चालू केली. दिवा तसाच. घरी आले तरी तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गायब! मला वाटलं, गेली ब्याद. कसली जातेय? दोन दिवस बरे गेले की तिसऱ्या दिवशी वाटेत हजर. सुट्टीच्या दिवशी गाडी अंबडच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या शिंद्यांनी स्टिअरिंगखाली मशीन जोडलं, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, कोडच नाही. गाडी म्हणते मला काहीच झालेलं नाही." मी म्हटलं, अहो, मग दिवा काय हौसेनं लागतो? मोबाईलवर काढून ठेवलेला फोटो दाखवला. ते बिचारे म्हणाले, "फोटो खरा आहे. पण बिघाड झाला की गाडीच्या मेमरीत नंबर पडतो, त्यावरून आम्हाला कळतं कुठं हात घालायचा. नंबरच नाही तर अंदाजानं काय काय बदलू?" त्यांनी वायरी हलवून पाहिल्या, हवेचा फिल्टर झटकला आणि शेवटी म्हणाले, "बॅटरीची वायर सैल होती, घट्ट केली. बघा आता."

मी चार वेळा गेले असेन. प्रत्येक वेळी कोड नाही, आणि प्रत्येक वेळी बॅटरीची वायर सैल! मी घरी येऊन तणतणायचे. "घट्ट करतात म्हणे! रोज घट्ट करायची आणि रोज सैल व्हायची? काम करायला नको, नुसतं काहीतरी सांगायचं." दादा समोर बशीत चहा ओतून शांतपणे फुंकर मारत असायचे. एकदा ओझरला वाटेतच दिवा लागलेला असताना एका मेकॅनिककडे गाडी घातली, तर त्याचं मशीन आमच्या गाडीशी जुळेचना. कामावरून परत येईस्तोवर अंबडच्या गॅरेजचं शटर खाली आलेलं असायचं. त्यामुळे न्यायची ती सुट्टीच्या सकाळी. आणि सकाळी दिवा कधीही नसायचा.

यातून घरात जे व्हायचं तेच झालं. प्रशांत रविवारी बाजारात गाडी न्यायचा, त्याला दिवा कधी दिसला नाही. तो म्हणायला लागला, "तुझ्या मनात बसलंय ते." अरे, मनात बसल्यावर मोबाईलच्या फोटोत येतं का? पण रोज कुणी तुम्हाला 'काहीच नाही' म्हणत राहिलं ना, की माणूस आपल्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लागतो. मला खरंच तसं व्हायला लागलं होतं. गाडीतलं घड्याळ तर रोज भलतीच वेळ दाखवायचं, ते मी नीट लावायचंच सोडून दिलं होतं. म्हटलं, गाडीच येडी झालीय, तिचं काय घेऊन बसायचं. आईंनी लिंबू-मिरची बांधली, वणीच्या देवीला साडी बोलली. मी सकाळी किल्ली फिरवायच्या आधी डोळे मिटायचे. उघडले की दिवा नसायचा, आणि तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं. मग द्वारका ओलांडली की पुन्हा नजर रस्त्यावर कमी आणि मीटरवर जास्त. पॅकहाउसच्या फाटकात गाडी शिरली की पाठ घामानं ओली झालेली असायची. थंडीच्या दिवसांत!

एक दिवस दादा म्हणाले, "मी येतो तुझ्यासंगं. लागतो कसा ते बघतो." मी म्हटलं, अहो दादा, दिवसभर काय करणार तिथं? "कांद्याचं मार्केट हाय की." डोक्याला टोपी, हातात भाकरीचं फडकं, आणि पुढच्या सीटवर बसून सगळा रस्ता नजर त्या मीटरवर. विहिरीत मोटर सोडताना बघावं तसे वाकून बघत होते. मी म्हटलं, जरा मागे टेका, मला आरसा दिसत नाही. "तू रस्ता बघ, मी मोटर बघतो." जाताना दिवा लागला नाही. दिवसभर मार्केटमध्ये फिरून त्यांनी चार ओळखी काढल्या, एक जण तर लांबचा व्याही निघाला. येतानाही दिवा लागला नाही. इंदिरानगरच्या वळणावर मला रडूच फुटायचं बाकी होतं. म्हटलं, आता तुम्हालाही वाटेल सूनच खोटं बोलते. ते म्हणाले, "मला दिसला नाय म्हनून तुला दिसत नाय आसं थोडंच हाय?" एवढं एकच वाक्य. तोवरच्या महिन्यांत माझ्या बाजूनं बोललं गेलेलं एवढंच.

मग संक्रांतीच्या सुमाराला आडगावच्या पुलावर गाडी चालता चालता बंद पडली. आधी आचका, मग पिवळा दिवा, मग स्टिअरिंग जड. मागून येणारा टेम्पो माझ्या आरशाला घासल्यासारखा गेला. मी कशीबशी कडेला घेतली. थोड्या वेळानं गाडी आपोआप चालू झाली, जसं काही घडलंच नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा प्रशांत घाबरला, आणि भीतीचा त्याचा नेहमीप्रमाणे राग झाला. "बास. सोड ती नोकरी. इथं अंबडला काहीतरी बघ, नाहीतर घरी बस. जीव जायची वेळ आलीय." मी म्हटलं, नोकरी का सोडू, गाडी दुरुस्त करू ना! तर म्हणाला, "काय दुरुस्त करणार? कोड येतो का?" इतक्या वर्षांचं माझं काम एका कोडापायी हातचं जायला निघालं होतं. दादा उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "बैल बसला म्हनून शेत सोडत्यात का? ती जाईल. गाडी बघू आपन." आणि त्यांच्या रोजच्या फेरीला खाली निघून गेले. प्रशांत मला म्हणाला, सीझन संपेपर्यंत बघ, नाहीतर मी सांगतो तसं. शिंदे म्हणाले होते की एक दिवस मशीन जोडून माझ्याबरोबर हायवेला येतील, चालत्या गाडीतच बघतील. तो दिवस ठरायच्या आत दादा गेले.

त्या सकाळीही ते नेहमीसारखे फाटकाशी उभे होते. मी काच खाली केली. "आज नाहीये दिवा, दादा." ते हसले. "बरं हाय मग. जा बिनघोर. लागली मोटर तर फोन कर." मी निघाले. आरशात पाहिलं तर हात वर केलेला होता, निरोपाचा नाही, मागून येणाऱ्या रिक्षेला थांबवायला.

पुढचे दिवस गाडी खाली उभीच होती. पाहुण्यांना आणणं-सोडणं भावकीतल्या गाड्यांनी झालं, दहाव्याला गंगेवर, म्हणजे घाटावर, जायला मात्र प्रशांतनं ती काढली. त्या सकाळी त्यानं किल्ली फिरवली आणि म्हणाला, "वैशाली… हा लागलाय गं." सकाळी! घराच्या पार्किंगमध्ये! पिवळा दिवा त्यानं पहिल्यांदा पाहिला. मी काय सांगत होते, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मागच्या सीटवर आई बसल्या होत्या. मग दिवा गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशी होता. तेरावं झाल्यावर मी गाडी गॅरेजला नेली, दिवा तसाच पेटलेला घेऊन. शिंद्यांनी मशीन जोडलं आणि लगेच ओरडले, "मॅडम, आला! कोड आला!"

इतके महिने मी ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले, तो आकडा पडद्यावर आला होता. इंजिनाच्या फिरण्याची खबर देणाऱ्या सेन्सरची वायर एका लोखंडी पट्टीला घासून सोलली गेली होती. खड्ड्यात हादरा बसला की ती पट्टीला टेकायची, की खबर तुटायची. "नशीब समजा," शिंदे म्हणाले, "ही कधीही पूर्ण तुटली असती, भर हायवेला." मग ते हात पुसत सहज म्हणाले, "एवढे दिवस मेमरी कोरी का असायची तेच कळत नव्हतं. बॅटरीची वायर काढली की सगळं पुसलं जातं, दिवाही जातो आणि कोडही. घड्याळसुद्धा पहिल्यापासून सुरू होतं. तुम्ही घरी बॅटरी काढत होतात का?" मी म्हटलं, मी? मला बॉनेटसुद्धा उघडता येत नाही! सैल वायर. भलतीच वेळ दाखवणारं घड्याळ. दिवेलागणीची फेरी. मी तिथल्या टायरवरच बसले. शिंद्यांना वाटलं मला चक्कर आली, ते पाणी आणायला धावले.

घरी आले तेव्हा आई पलंगावर दादांचे कपडे काढून बसल्या होत्या, कुणाला तरी द्यायचे म्हणून. मी दारातूनच विचारलं, "आई, दादा गाडीची बॅटरी काढायचे का हो?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "काढायचे ना. रोज संध्याकाळी. तुला नव्हतं माहीत?" मळ्यात ट्रॅक्टरची बॅटरी एकदा चोरीला गेली, तेव्हापासून रोज रात्री ती सोडवून घरात आणायची सवय, हे मला माहीत होतं. पुढचं आईंनी सांगितलं. दसऱ्याला माझी गाडी पुजायच्या आधी त्यांनी सवयीनं तिचीही वायर सोडवली, धुऊन-पुसून परत लावली, तर दिवा गेलेला! "मग रोजचंच झालं," आई म्हणाल्या. "सांजंला खुंटीवरची किल्ली न्यायची अन् वायर सोडायची, पहाटे फुलं तोडायला गेले का लावायची. म्हनायचे, दिवा दिसला का पोरगी गाडीतच सुकती. अन् प्रशांत लगेच नोकरी सोड म्हनतो. सकाळी तरी तिनं बिनघोर जावं. मी म्हनलं, मशीनवाल्याला सांगा. तर म्हने, मशीन आतलं बघतं, दिव्याशी त्याचं काय काम?" बोलता बोलता त्यांनी एका सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक पाना काढून माझ्या हातावर ठेवला. दहा नंबरचा, तोंडाशी झिजलेला. "हा घे. धुण्यात किती येळा सापडला. मी बोलायची, ऐकतात का कुनाचं?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. दादांचा फोटो अजून भिंतीवर लागला नव्हता, खुर्चीवर हार घालून ठेवलेला होता. मी त्याच्यासमोर उभी राहून चक्क भांडले. "अहो दादा, मेले असते मी त्या पुलावर! एका शब्दानं सांगितलं असतंत तर त्याच दिवशी सापडलं असतं. चार चार वेळा मी त्या माणसाला कामचुकार म्हटलं, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात!" आई म्हणाल्या, "बोल, बोल त्यांना. म्या बी लय बोलली." आणि मग आम्ही दोघी त्या कपड्यांच्या ढिगात बसून रडलो. मला सारखं एकच दिसत होतं… आम्ही वर टीव्ही लावून बसलोय आणि हा म्हातारा माणूस खाली वाकून, अंधुक उजेडात, माझी उद्याची सकाळ पुसून स्वच्छ करतोय. भीती त्यांनाही होतीच की. त्यांनी ती रोज संध्याकाळी तेवढी बाजूला काढून ठेवली, माझ्यापुरती.

प्रशांत आला, त्याला सांगितलं. त्यानं पाना बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाला, "सोमवारपासून जाणार आहेस ना कामावर?" मी म्हटलं, हो. "ते नोकरी सोडायचं मी म्हटलं होतं… ते राहू दे." आणि उठून आत गेला. वायर बदलून झाली. सीझन आता संपत आलाय. मी रोज जाते, रोज येते. दिवा लागत नाही. नजर मात्र अजून मीटरकडे जातेच, ती सवय काही लगेच जायची नाही.

पाना मी गाडीच्या दाराच्या कप्प्यात ठेवलाय. ओझरच्या पुढे रस्ता जरा खराब आहे, तिथं तो खडखडतो. परवा शिंदे गाडी चालवून बघत होते, तर थांबून म्हणाले, "मॅडम, कुठूनतरी खडखड येतेय. बघू का काय आहे?"

म्हटलं, "राहू द्या. हिचं कारण मला माहितीये."